राखेनं घासलेली लेन्स

बायडाबाईंची पूजा आटोपली. तीर्थाची पळी तोंडाला लावणार, तोच दारातून हाक आली.

"फोटोवाले गणपतराव आजोबा इथंच राहतात का?"

दारात एक पोरगी उभी होती. पाठीला सॅक, हातात पाण्याच्या बाटलीत खोचलेली पिवळी फुलं. नाव साक्षी. विद्यापीठात वनस्पतिशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला होती. बिंदू चौकातल्या कॅमेरा दुरुस्तीवाल्यानं तिला पत्ता दिला होता.

"या की पावणं, बाहीर का उभं?" गणपतरावांनी खाटेवरनंच आवाज दिला. गंगावेशीतला त्यांचा स्टुडिओ बंद होऊन बारा वर्षं झाली, तरी त्यांचा आवाज अजून गिऱ्हाईकाला खुर्चीत बसवणाराच होता.

साक्षीनं बाटली पुढं ठेवली. "आजोबा, हा कारळा. आजऱ्याकडं मामाच्या माळावर फुललाय. आपल्याला नुसता पिवळा दिसतोय. पण उन्हात, जांभळ्याच्याबी पलीकडं, एक उजेड असा असतोय, जो मधमाशीला दिसतोय आणि आपल्याला न्हाय. त्या उजेडात फुलाचा फोटो काढायचाय."

"मग काढ की. नडलंय कुठं?"

"लेन्सला नडलंय. कॅमेरा आमच्या विभागाचा हाय, तो उजेड अडवणारी आतली काच काढून तयार केलेला. पण नव्या लेन्सा तो उजेड आतच येऊ देत न्हाईत. काचेवर थरावर थर दिलेले असतात. खास ह्याच कामाची लेन्स असती, पण तिची किंमत ऐकून आमचे सर हसले. म्हणाले, जुन्या लेन्सा शोध. साधी, आत भिंगं कमी, काचेवर थर नसला तर देवच पावला." तिनं बाटलीतली फुलं सारखी केली. "चार दिवसांत माळ वाळायला लागंल. पुढच्या वर्षी मी विद्यापीठात नसणार."

एवढं ऐकल्यावर गणपतराव उठलेच. ट्रंक ओढली गेली. बायडाबाईंनी परसातल्या उन्हात पाट मांडला, त्यावर धुतलेलं फडकं अंथरलं. त्यावर तीन लेन्सा बसल्या, हळदीकुंकवाला आलेल्या बायकांसारख्या, ओळीनं.

"ही माझी लाडकी," गणपतरावांनी सगळ्यांत मोठी उचलली. "अर्ध्या कोल्हापूरची लग्नं हिनं बघितल्यात."

साक्षीनं ती लावली, पुढं फक्त तोच उजेड आत सोडणारं एक काळंकुट्ट फिल्टर चढवलं, खटका दाबला. पडद्यावर अंधार. उजेड आत घ्यायचा वेळ वाढवून बघितला, तरी अंधारच.

"लाडकी आंधळी निघाली की हो," बायडाबाई पुटपुटल्या.

"तू गप. नव्वद सालानंतरची हाय ती, थर देऊन देऊन पार मढवलीया."

दुसरी लहानखुरी होती. तिच्यातनं फूल दिसलं, पण गढूळ पाण्यात पडल्यासारखं. तिसरीचंही तेच. निदान तेवढं तरी जमतंय का म्हणून साक्षीनं मग फिल्टर बदलून त्याच तिसरीनं उन्हाच्या दुसऱ्या टोकाचा, तांबड्याच्याही पलीकडचा उजेड धरून बघितला. पानं दुधासारखी पांढरी आली, पण फोटोच्या मधोमध उजेडाचा एक गोल डाग बसला होता.

"असा डाग पडला की ती लेन्स तिकडंही बाद," साक्षी म्हणाली. आवाज खाली गेला होता. "आणखी एखादी न्हाय का, आजोबा?"

गणपतराव ट्रंकेत बघत राहिले. "न्हाय. संपल्या."

बायडाबाईंना ठाऊक होतं, संपल्या नव्हत्या. कुणासाठी खोटं बोलले, तेही ठाऊक होतं.

त्या उठल्या. माडीवरच्या फळीवरनं बिस्किटाचा एक डबा काढला आणि आतली बोटाएवढी लेन्स फडक्यावर ठेवली.

"अगं, कशाला काढलीस ती?"

"ऱ्हाऊ द्या. पोरीचं काम अडलंय." मग त्या साक्षीकडं वळल्या. "बाळ, ही अंधाऱ्या खोलीतली, फोटो मोठा करायच्या यंत्राची. माझ्या हातनं बाद झाली. मी मुरगूडची, नवीन लगीन हुतं. खंडेनवमीला घरातली हत्यारं घासायची, पुजायची, एवढंच मला ठावं. हिच्या काचंवर निळी-जांभळी झाक दिसली. मला वाटलं, तेलकटलीया. समई उजळतो तशी राख चाळून, मलमलीच्या फडक्यानं घासली. तीन दसरं घासली. झाक गेली तवा कुठं समाधान झालं. मग ह्यांचं फोटो पांढुरकं यायला लागलं."

साक्षी ऐकता ऐकता लेन्स उजेडात तिरपी धरून बघत होती. केसासारखे बारीक ओरखडे होते. झाक मात्र कुठंच नव्हती.

"आजी, ती झाक म्हंजेच थर. तुम्ही तो काढून टाकलाय!"

"व्हय बाई. तेच तर सांगते."

लेन्स कॅमेऱ्याला बसेना. गणपतरावांनी पुठ्ठ्याची नळी केली, काळी टेप गुंडाळली. ओरखड्यांवर थेट ऊन पडू नये म्हणून बायडाबाईंनी पदराची सावली धरली. साक्षीनं कॅमेरा इंच इंच मागंपुढं केला आणि खटका दाबला.

पडद्यावर फूल उमटलं. पाकळ्यांची टोकं उजळ, आणि मध्याकडं काळंभोर वर्तुळ, जणू कुणीतरी मधमाशीला बोट करून दाखवलं होतं, इथं बस, मध इथं आहे. बाटलीतलं फूल मात्र होतं तसंच, साधं पिवळं. बायडाबाईंनी एकदा फुलाकडं, एकदा पडद्याकडं बघितलं आणि नकळत हात जोडले.

साक्षी दुपारच्या एसटीनं आजऱ्याला गेली. तीन दिवस माळावर होती.

पंधरवड्यानं ती परत आली, लेन्स, मामाच्या घरचा काजू आणि एक वही घेऊन. "फोटो झाले, आजी. सर खूश हायत. आता त्यावर लेख लिहायचाय. लेन्सचा थर कसा काढला, तेबी लिहायला लागतंय. कशानं, किती वेळा."

"लिव," गणपतराव मिशीत हसले. "सौभाग्यवती बायडाबाई. शेणीची राख, तीनदा चाळलेली."

"चारदा," बायडाबाई म्हणाल्या. "आणि बाळ, असंबी लिव की, ह्यांनी दुसरी लेन्स आणली, पण पन्नास वर्सांत मला एकदाबी बोल लावला न्हाय."

गणपतराव एकदम काजूचा पुडा सोडायला लागले.

"आजी, तसलं त्या लेखात लिहीत न्हाईत."

"मग कुठं लिवत्यात?"

साक्षीनं पेन उचललं, आणि वहीचं शेवटचं कोरं पान उघडलं.