ट्रायलला बोलावलेलं गिऱ्हाईक

बाबांचा डावा डोळा लहानपणीच गेलेला. उजव्या एकट्याच्या जिवावर त्यांनी पन्नास वर्षं शिंपीकाम केलं, आणि आता त्यातही मोतीबिंदू पिकला. सकाळी ऑपरेशन झालं, पट्टी बांधली आणि बाबांपुढे मिट्ट काळोख झाला. दुपारी तीनपर्यंत सगळं ठीक होतं. मग ते उठून बसले.

"ठमे, गिऱ्हाईक केव्हाचं उभं आहे. स्टूल तरी दे."

खोलीत आम्ही दोघंच होतो.

मी सिस्टरांना बोलावलं. "या वयात होतं असं ऑपरेशननंतर, त्यात काही दिसत नाही," त्या म्हणाल्या. "उतरेल एक-दोन दिवसांत. पण पट्टीला हात लावू देऊ नका. डोळा दाबला गेला तर हाही जाईल. ऐकत नसतील तर हात बांधू."

माझं डोकंच फिरलं. त्या हातांनी माझ्या शाळेच्या गणवेशापासून सगळं शिवलं होतं. "मी आहे ना इथे," मी तोडूनच बोलले. सिस्टर गेल्या.

बाबांची बोटं मात्र सारखी पट्टीकडे जात होती. "माप घ्यायचंय ना? मग दिसायला नको?"

दुकान आता मीच चालवते. घाईत निघताना टेप गळ्यातच राहिली होती, ती त्यांच्या हातात दिली. "डोळे मिटूनही माप घ्याल तुम्ही. घ्या, मी लिहिते."

युक्ती लागू पडली. हात पट्टी विसरले. "साहेब, पोट आत ओढू नका. कोट उद्याही घालायचाय तुम्हाला," बाबा हवेला दटावत म्हणाले. मलाही हसू फुटलं. खांदा साडेसतरा. छाती चाळीस. मी औषधांच्या चिठ्ठीमागे लिहीत गेले.

बाही मोजताना त्यांनी एक हात सोडला आणि खडूसाठी माझ्यापुढे पसरला. टेपचं सुटलेलं टोक गादीवर पडायला हवं होतं. ते पडलं नाही. हवेत तसंच ताणलेलं राहिलं.

नकोशा गिऱ्हाइकाला वाटेला लावायचं माझं एक ठरलेलं वाक्य आहे, तेच सवयीनं तोंडातून गेलं. "झालं माप. उद्या सकाळी ट्रायलला या."

टेप खाली पडली. "गेले," बाबा म्हणाले आणि गाढ झोपले.

सकाळी डॉक्टरांनी पट्टी काढली. बाबा अगदी भानावर होते. कालचं त्यांना काही आठवत नव्हतं, आणि मीही काही सांगितलं नव्हतं. डॉक्टरांनी बोटं दाखवली. "तीन," बाबा म्हणाले. बरोबर होतं. माझे डोळे भरून आले.

"खोलीत माणसं किती दिसतात, आजोबा?"

"तुम्ही, या सिस्टर, आमची ठमी." त्यांची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. "आणि हे दारातले."

डॉक्टरांनी दाराकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"ठमे, ट्रायलला तूच बोलावलंस ना? मग अशी पाठ काय फिरवतेस?"

डोळा वाचला होता. मी मागे वळून पाहिलं नाही. फक्त एक पाऊल बाजूला सरले आणि त्याला आत यायला वाट दिली.