रंभा धवलारणीची सून

रंभाआजी गेली ती सत्तावन्न सालच्या श्रावणात. पनवेलच्या खाडीकाठी आगऱ्यांचं लग्न लावायचं तर हीच बाई लागायची. मांडवात तांदळाच्या पिठाचा चौक घालायचा, हळदीपासून पाठवणीपर्यंत प्रत्येक विधीचा धवला, म्हणजे लग्नगाणं, गायचा, देवांना नि पितरांना नावानिशी आवतण द्यायचं, हे धवलारणीचं काम. रंभाला अक्षर येत नव्हतं, पण जुन्या धवल्यांत नवं घालण्याची भारी हौस. मोरा बंदरातली लाँच, पनवेलची भातगिरण, नवरदेवाचे करकरणारे बूट, सगळं तिच्या गाण्यात येऊन बसायचं. मिठागरात मीठ ओढता ओढता ती ओळी जुळवायची. एकदा घातलेला चौक तिनं पुन्हा तसाच कधी घातला नाही. घरातल्या एकेकावर तिनं कडवं रचलं होतं. धाकट्या सुनेवर, वेणूवरही. सुनेवर गाणं रचणारी सासू वेणूनं तोवर पाहिली नव्हती.

चव्वेचाळीस साली वेणूचा नवरा काशिराम हिवतापानं गेला. पोर मालू तेव्हा चार वर्षांची. बारावं उरकताच वेणूचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला, तर रंभा दारातच उभी राहिली.

"माजा पोर गेला, आता सून पन नेतंस? ती कुटं जायाची नाय."

पुढच्याच महिन्यात तिनं वेणूला झेलकरीण केलं. धवलारणीनं ओळ म्हणायची, झेलकरणीनं ती झेलून पुरी करायची. पहिल्याच मांडवात नवरीचा काका आडवा आला.

"रंभे, तरनी रांडाव बाई मांडवान आनलीस?"

"आनि मी कोन हाय?" रंभानं विचारलं. "माजं कुकू पुसून वीस वर्सं झाली. याच तोंडानं तुज्या तीन पोरींची लग्नं लावली. त्यातली कंची मोडली, सांग."

धवलारणीला वैधव्याची आडकाठी नसते हे सगळ्यांना ठाऊक होतं. काका वाटेतून बाजूला झाला. रंभा सुनेकडे वळली. "उबी काय रायलीस? झेल घे."

तेरा वर्षं वेणूनं झेल घेतली.

आणि आता मालूचंच लग्न ठरलं होतं. आजीच्या मागे वर्षाच्या आत उरकायचं म्हणून वैशाखातला मुहूर्त धरला. घरात आता शब्द थोरल्या दिराचा, बळीरामचा. तो पनवेलच्या भातगिरणीत कामाला होता. भावामागे त्यानं वेणूला नि मालूला काही कमी पडू दिलं नव्हतं. पण नवरदेवाचा बाप चिरनेरकडचा शाळामास्तर, आणि त्याच्यापुढे बळीराम कसा दबून असायचा.

"धवला नको," तो म्हणाला. "मानसं शिकलेली हायेत, हसतील. भटजी येतील, पनवेलवरनं लाउडस्पीकर येईल. आनि वेणू, हळदीच्या टायमाला तू आत रा. पयली हळद दमयंती लावील."

दमयंती त्याची बायको.

"मी तिची आय हाय, दादा."

"नाय कोन म्हनतं? पन रीत हाय." हे म्हणताना त्यानं तिच्याकडे बघितलं नाही.

दोन दिवस वेणू आतल्या आत धुमसत होती. राग दिराचा होता, त्याहून स्वतःचा. तेरा वर्षं दुसरीची ओळ पुरी करून करून आपली ओळ सुरू कशी करायची, हेच ती विसरली होती.

हळदीच्या दिवशी ती आत भांड्यांच्या राशीत बसली. बाहेर लाउडस्पीकर कानठळ्या बसवत होता. दाराच्या फटीतून तिनं पाहिलं. मालूचा पाट नुसत्या सारवलेल्या जमिनीवर मांडला होता. खाली चौक नव्हता. रंभाच्या नातीच्या पाटाखाली चौक नव्हता!

वेणूनं तांदळाच्या पिठाचं ताट उचललं आणि सरळ मांडवात आली.

"तबकडी बंद कर," तिनं लाउडस्पीकरवाल्याला सांगितलं. त्यानं बळीरामकडे बघितलं. "त्यांच्याकडं काय बगतंस? बंद कर!"

आवाज थांबला. नवरदेवाकडून हळद घेऊन आलेल्या बायका एकमेकींकडे बघू लागल्या.

"वेणू, आत जा," बळीराम दबक्या आवाजात म्हणाला.

"दादा, रांडाव आयला मांडवान जागा नाय, ते तुमी बोललाव. धवलारणीला हाय ना? तुमच्या आयला होती. मंग आज मी धवलारीण हाय. आता मना आत कोन धाडतं ते बगू."

मालूला उठवून तिनं पाट सरकवला आणि चौक घातला. एक कोपरा वाकडा गेला. तिनं तो पुसला नाही. मालूला पुन्हा पाटावर बसवून तिनं आवतण धरलं.

"मांडवाचे दारी कोन कोन आयलं गो..."

झेल घ्यायला कुणीच नव्हतं. ओळ तशीच लोंबकळत राहिली. तेवढ्यात पाटावरून आवाज आला.

"काशिराम बाप माजा खाडीवरशी आयला गो!"

नवरी स्वतः गात होती. मुंडावळ्या बाजूला सारून, मान वर करून. नवरदेवाची आत्या पदर सावरत उठली नि तरातरा बाहेर गेली. बाकीच्या बसून राहिल्या. माय म्हणत गेली, लेक झेलत गेली. देव आले, गाव आलं, रंभाआजी आली. आजीचं नाव पितरांत पहिल्यांदाच घेताना वेणूचा आवाज फाटला, तरी ती थांबली नाही.

दमयंती हळदीची वाटी घेऊन उभी होती. तिनं नवऱ्याकडे एकदा पाहिलं, पुढे आली आणि वाटी वेणूच्या हातात दिली.

लग्न लागलं. भटजींनी मंत्र म्हटले, वेणूनं धवले म्हटले, कुणाचं काही अडलं नाही. नवरदेवाची आत्या मात्र पुढं कैक वर्षं नावं ठेवत होती, आणि बळीराम भातलावणी होईपर्यंत वेणूशी बोलला नाही.

दिवाळीनंतर शेजारच्या गावची गंगाबाई वेणूला धवल्याचं आवतण द्यायला सुपारी घेऊन आली. नातीचं लग्न होतं.

"येईन," वेणू म्हणाली. "पन पयली हळद आय लावील. ती कशी पन असो."

"माजी सून सवाशीण हाय. मना कसली अडचन?"

"आनि नवऱ्याची आय?"

गंगाबाई चाचरली. "ती रांडाव हाय."

"मंग तिकडं पन सांग. दोनी मांडवांना येकच बोली."

गंगाबाई उठून ओटीच्या पायरीपर्यंत गेली, तिथून परत फिरली. मग सुपारी ठेवून गेली.