स्प्रिंग वळली की लगेच भट्टीत

वहिनींच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मी दादाच्या लग्नापासून पाहतोय. तरी आमच्या कारखान्यातलं सगळ्यात मोलाचं गुपित नेमकं त्यांच्याच हाती लागावं, याला काय म्हणावं?

आम्ही मोटारींच्या इंजिनात बसणाऱ्या स्प्रिंगा करतो. नवं यंत्र घेतलं, तेव्हा ते जोडून द्यायला परदेशातून एक म्हातारा मिस्त्री आला. त्याची भाषा आम्हाला कळेना, आमची त्याला. दिवसभर वळलेल्या स्प्रिंगा टोपल्यांत साठवायच्या आणि संध्याकाळी भट्टी एकदाच पेटवून सगळ्या एकदम तापवायच्या, ही आमची वडिलांपासूनची रीत. दिवसभर भट्टी जाळणं म्हणजे आमच्या घरात पापच. म्हाताऱ्याने भरलेल्या टोपल्या पाहिल्या आणि कपाळावर हात मारला. मग यंत्रातून पडलेल्या ताज्या स्प्रिंगा घमेल्यात घेऊन तो भट्टीकडे धावत सुटला. घड्याळ दाखवी, भट्टी दाखवी आणि पुन्हा धावे. आमची हसून मुरकुंडी वळली.

वहिनी मालाची तपासणी बघतात. त्या हसल्या नाहीत. त्यांनी काही स्प्रिंगा वळल्या वळल्या तापवल्या, काही संध्याकाळी, आणि दोन्ही चाचणीच्या यंत्रावर लावल्या. संध्याकाळच्या तिसऱ्या दिवशी तुटल्या. ताज्या तापवलेल्या पंधरा दिवस झाले तरी हूं की चूं करीनात.

"वळताना तारेत ताण राहतो, भाऊजी. तो लगेच काढला नाही तर आतून बारीक तडे जातात. वीस वर्षं आपण तडेच तापवतोय."

खरं सांगतो, त्यांच्या पाया पडावंसं वाटलं. एक शब्द न कळता या बाईने धावणाऱ्या म्हाताऱ्याकडून विद्या उचलली होती. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"हे फाटकाबाहेर जाता कामा नये."

कारण रस्त्यापलीकडे माझ्या जुन्या भागीदाराचा कारखाना. नऊ वर्षं आमचं बोलणं नाही. एक मोटार कंपनी आजवर परदेशातून येणाऱ्या स्प्रिंगा आता इथे घ्यायचं म्हणत होती. ते काम मिळालं नाही तर माझी चाळीस माणसं घरी बसणार होती.

आठवड्याभरात भागीदाराच्या धुराड्यातून भरदुपारी धूर निघाला. मी तडक तपासणीच्या टेबलाशी गेलो.

"वहिनी, तुम्ही सांगितलंत?"

"सांगितलं. त्यांच्याकडची तपासणीवाली विचारायला आली होती."

"घरचा भेदी म्हणतात तो हाच!"

"तो म्हातारा समुद्र ओलांडून सांगायला आला, भाऊजी. मला रस्ता ओलांडायला काय झालं?"

मी अबोला धरला. ऑफिसात बसून राहिलो, भट्टीकडे फिरकलोही नाही.

पंधरा दिवसांनी कंपनीचे खरेदी अधिकारी आले. दोन्हीकडचा माल त्यांनी आधीच तपासून पाहिला होता.

"एकाच कारखान्याच्या भरवशावर आम्ही बाहेरचा माल बंद करणार नव्हतो," ते म्हणाले. "उद्या तुमची भट्टी बिघडली तर आमच्या मोटारी उभ्या राहायच्या. आता दोघे तयार आहात, तर काम निम्मं निम्मं घ्या. पुढच्या वर्षी दुप्पट देऊ."

वहिनींनी माझं ऐकलं असतं, तर मला कपाळाला हात लावून बसावं लागलं असतं.

नऊ वर्षांनी मी रस्ता ओलांडला. भागीदाराने खुर्ची पुढे केली आणि मग भट्टी दाखवली. त्याच्या माणसांनी स्प्रिंगा ढिगाने न घालता भोकं पाडलेल्या पत्र्यांवर एकेरी पसरल्या होत्या. सगळ्या सारख्या तापत होत्या, तेही निम्म्या वेळात. मी अभिमान गिळून टाकला.

"हे आम्हाला शिकवशील?"

तो पोट धरधरून हसला.

"अरे, तुझ्या वहिनी मागच्या आठवड्यातच शिकून गेल्या. तुझ्या भट्टीत हेच चाललंय. जाऊन बघ तरी!"