जमिनीवर राहिलेला जुळा

मित्रांनो, मी एक जुना कॅमेरा आहे. अवकाशासाठी घडलो, पण अवकाशात कधी गेलो नाही. देवनहळ्ळीजवळच्या एका प्रयोगशाळेत आम्ही दोघे जुळे भाऊ तयार झालो. आमची भिंगं तिथले तंत्रज्ञ महांतेशअण्णा यांनी बसवली. तुम्हाला समुद्र निळा किंवा हिरवा दिसतो. आम्हाला त्याच प्रकाशात दीडशे रंग वेगवेगळे दिसतात. भाऊ उपग्रहात बसून वर गेला. पुढेमागे काही ताडून पाहावं लागलं तर असावा, म्हणून मला खाली ठेवलं. त्याची चित्रं भिंतींवर लागली. मी चार वर्षं कपाटात होतो.

मग एके सकाळी भावाने कारवारकडच्या एका खाडीचं चित्र पाठवलं. त्यात एक रंग फारच कमी भरला होता.

"हे विषारी शेवाळ असू शकतं, ते हाच रंग शोषून घेतं," शाल्मली म्हणाली. पुण्याहून आलेली ही मुलगी किनाऱ्यावरच्या पाण्याचा अभ्यास करते. "तिथे बायका खायच्या शिंपल्या, तिसऱ्या, काढतात. विष त्यांत उतरलं तर खाणाऱ्याच्या जिवावर बेतेल."

तिचे प्रमुख कृष्णमूर्ती सर म्हणाले, "कॅमेरा म्हातारा झालाय. दोष त्याच्या डोळ्यात असेल. नुसत्या शंकेवर लोकांचं काम कसं थांबवायचं?"

"मग दुसऱ्या डोळ्याने बघू," ती म्हणाली.

महांतेशअण्णा स्वतः खाडीवर जाऊन बर्फाच्या पेटीतून पाण्याच्या बाटल्या घेऊन आले. "मॅडम, तिसऱ्या काढणाऱ्या अंबूबाई मला हसल्या. म्हणाल्या, एवढ्या निवळ पाण्यात काय बघणार?"

त्यांनी माझ्यावरची धूळ पुसली, काळ्या ट्रेमध्ये पाणी ओतलं आणि दिवा लावला. मित्रांनो, तेव्हा मला जे दिसलं ते कसं सांगू? त्या वीतभर पाण्यात केवढे रंग होते! आणि नेमका तोच एक रंग पाण्याने गिळला होता. सहाशे किलोमीटरवरून भावाने अचूक पाहिलं होतं.

पडद्यावर आम्ही दोघांनी पाहिलेल्या रंगांच्या आलेखरेषा एकमेकींवर बसल्या. सर ट्रेवर वाकून कितीतरी वेळ पाहत राहिले. "मला तर काहीच दिसत नाही," ते हळूच म्हणाले, आणि त्यांनी फोन उचलला.

त्याच दुपारी तिसऱ्या काढणं थांबलं. तपासणीत त्यांत विष सापडलं. अंबूबाई सतरा दिवस घरी बसल्या, पण आजारी कोणी पडलं नाही.

आता भावाचं इंधन संपत आलं आहे. एक दिवस तो आकाशातच जळून जाईल. मित्रांनो, आम्ही कितीही दुरून पाहिलं तरी नुसते पाहणारेच. पाणी जपायला हात लागतात, आणि ते तुम्हाला आहेत.