तीट लावलेला तापमापक

राजेश्वरीला अपेक्षा होती एकतीस अंशांची आणि मी दाखवत होतो सदतीस.

होय, तिनं स्वतः बांधलेल्या छोट्या विमानाच्या नाकावरून मीच बोलतोय. बोटाच्या पेराएवढा, चकचकीत टोपीचा तापमापक. बाहेरची हवा किती तापली आहे ते आतल्या वैमानिकाला सांगायचं, एवढंच माझं काम.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला. पण माझं आयुष्य सुरू झालं ते कान्हे गावात, राजेश्वरीच्या आत्याच्या, बयाबाईंच्या भाताच्या गोदामात. परदेशी शिकून राजेश्वरी परतली ती एकच ध्यास घेऊन : इथल्या पोरींनी विमान नुसतं बघायचं नाही, बांधायचं. आत्यानं पोती एका बाजूला सारली आणि भाचीला जागा करून दिली.

मी सदतीस दाखवत होतो त्याच्या दुसऱ्याच दिवशी पहिलं उड्डाण होतं. हवा तापली की विरळ होते आणि विमानाला जास्त धावावं लागतं. खरंच सदतीस अंश असतील तर माळावरची धावपट्टी पुरणार नव्हती. एकतीस असतील तर पुरणार होती. झाडाखाली टांगलेला साधा तापमापक एकतीस म्हणत होता.

तिनं माझी तार तपासली, जोडण्या पुन्हा केल्या. विमान गोदामात ढकललं की मी शहाणा, अंगणातल्या उन्हात आणलं की बिथरलेला. शेवटी तिनं वाकून मला नीट पाहिलं. माझ्या टोपीवर काजळ होतं.

“आत्या, ह्याला काळं कुणी फासलं?”

“फासलं काय म्हन्तीस? तीट लावली. सारं गाव बघून जातंय. ह्येच लय चकाकत व्हतं.”

“अगं, हे यंत्र आहे. बाळ नाही.”

“मग रोज पांघरून कशाला घालतीस त्याला?”

राजेश्वरी हसली नाही. “तुमच्या असल्या खुळांमुळेच आपण मागे राहिलो,” असं बोलून गेली. बयाबाई घरात निघून गेल्या.

काजळ पुसल्यावर मी तेहतीसवर आलो. एकतीसवर मात्र नाही. तिनं माझ्यावर तळहाताची सावली धरली, तसा मी हळूहळू एकतीसवर उतरलो. काजळ नसतानाही ऊन मला तापवतच होतं. तार कमी लागावी आणि येणाऱ्याला मी दिसावा, म्हणून तिनंच मला नाकावर बसवलं होतं.

माणसं आमच्यासारख्यांवर लवकर रागावतात. माझं एवढंच मागणं आहे : मला सावलीत, वाहत्या हवेत बसवा आणि मग विचारा.

सकाळी कामशेतपर्यंतची माणसं जमली. मनातल्या मनात दोन अंश वजा करून उडता आलं असतं. पण ऊन-वारा बदलला की तो फरकही बदलणार, हे राजेश्वरीला ठाऊक होतं.

“आज उडायचं नाही,” ती सगळ्यांसमोर म्हणाली. “मी ह्याला चुकीच्या जागी बसवलं, आणि काल आत्याला नको ते बोलले.”

“मग उबं काय ऱ्हायलाय?” बयाबाई जमलेल्यांना म्हणाल्या. “च्या घ्या आन् इमान आत ढकलू लागा.”

राजेश्वरीनं ड्रिल उचललं, पंखाखाली उताणी झोपली आणि माझ्यासाठी सावलीतली जागा शोधू लागली.