मेंदीखालचा तळवा

“येताना सासूबाईंच्या पायांना मेंदी नको हं,” इस्पितळातल्या नर्सने, खौलाने, फोनवर बजावलं होतं. “तळवे कोरे हवेत. कातडी नीट दिसली पाहिजे.”

मी ‘बरं बरं’ म्हणून फोन ठेवला आणि हसले. बुधवारी नणंदेच्या मुलीची मेंदी, गुरुवारी लग्न, आणि ही बाई रविवारच्या तपासणीसाठी कोरे पाय मागत होती. आमच्या निझव्यात नवरीची आजी कोऱ्या पायांनी लग्नात बसली, तर बायका आधी विचारतील, घरात कोण वारलं? खौला पडली मस्कतची, तिला काय कळणार. मी असीलाला एका कडेवरून दुसऱ्या कडेवर घेतलं आणि कामाला लागले. असीला माझी मुलगी, तेव्हा नुकते दात येत होते तिला.

आत्याबाई म्हणजे माझ्या सासूबाई, जुवैना. गल्लीत त्यांना सगळे सुहैलची आई म्हणतात. सुहैल, म्हणजे माझा नवरा, शाळेत होता तेव्हापासून त्यांना मधुमेह आहे, पण तो त्यांच्या तोंडून कधी ऐकायला मिळायचा नाही. त्यांना काहीही विचारा, उत्तर एकच. डोकं दुखतंय का? अल्हम्दुलिल्लाह. जेवलात का? अल्हम्दुलिल्लाह. एकदा गाडीच्या दारात बोट चेमटलं, नख काळंनिळं झालं, तरी बाईसाहेब दुसऱ्या हाताने कहवा ओतत म्हणाल्या, “अल्हम्दुलिल्लाह, काही नाही.”

माझे आजोबासुद्धा असंच म्हणायचे. खजुराच्या बागेत त्यांच्या पायात काटा मोडला, पण साखरेने पायाची जाणीवच नेली होती, त्यांना पत्ता लागला नाही. घरच्यांनी विचारलं की देवाचे आभार मानून मोकळे. कोणाच्या लक्षात आलं तोवर पाय काळा पडला होता, गुडघ्याखालून काढावा लागला. मी लहान होते. तेव्हापासून कोणी दारात आलं की माझी नजर आधी पावलांकडे जाते. सुहैल चिडवतो, “काळजी करायचा पगार मिळतो का गं तुला?”

म्हणून शहरातल्या इस्पितळात डॉ. रय्यांचं संशोधन सुरू झाल्याचं कळताच मी आत्याबाईंचं नाव देऊन टाकलं. आपल्या लोकांचे डोळे, मूत्रपिंडं आणि पाय मधुमेहाने कसे बिघडतात, हे त्यांना आपल्याच लोकांत तपासायचं होतं. पहिल्या भेटीत त्या म्हणाल्या होत्या, “पुस्तकातले पाय बूटमोज्यातले आहेत. आपले पाय चपलेतले, वाळूतले, दर नमाजाआधी ओले होणारे. त्यांना काय होतं, ते कोण लिहिणार?” मला त्या बाई फार आवडल्या. आत्याबाईंनी मात्र दोन अटी घातल्या. तपासणारी बाई हवी, आणि तिथला कहवा पाणचट नको.

मग लग्न झालं. आत्याबाईंनी तळवे मेंदीने असे भरून घेतले की पाऊल उचललं की काळसर तांबडा गालिचा दिसावा. गुरुवारी दुपारी आम्ही बायका धूप घेत होतो. धुपाटणं जमिनीवर, त्यात निखारे, निखाऱ्यावर लोबान, आणि एकेकीने त्यावर पाय फाकून उभं राहायचं, म्हणजे धूर कपड्यांत आतून भरतो. आत्याबाई आपला नवा हिरवा पोशाख सावरत उभ्या राहिल्या. नणंद म्हणाली, “आई, जपून, निखारा सांडतोय.”

“तू जन्मायच्या आधीपासून धूप घेतेय मी,” आत्याबाई म्हणाल्या. “मला शिकवू नकोस.”

थोड्या वेळाने काहीतरी करपल्याचा वास आला. सगळ्या आपापली किनार उचलून बघायला लागल्या. कोणाचंच काही जळलं नव्हतं. “कोणाच्या तरी नवऱ्याचं काळीज जळत असेल,” कोणीतरी म्हणालं, आणि हशा झाला. दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांचे कपडे घड्या घालताना एकेक उजेडाला धरून पाहिला. कुठेही भोक नव्हतं. मग करपलं काय? मनात बारीकसा खडा राहिला.

रविवारी आम्ही इस्पितळात पोचलो. खौलाने आत्याबाईंच्या चपला काढल्या आणि कपाळावर हात मारला.

“शम्सा! काय सांगितलं होतं मी तुला?”

“घरात लग्न होतं.”

“मस्कतला लग्नं होत नाहीत वाटतं?”

“तिला का बोलतेस पोरी?” आत्याबाई मध्ये पडल्या. “पाय माझे आहेत. आणि रंग बघ तरी कसा चढलाय.”

खौलाने मान हलवली आणि चाचणी सुरू केली. चाचणी साधी होती. पेनासारख्या दांडीला जाड केसासारखा नायलॉनचा दोरा लावलेला. पेशंटने डोळे मिटायचे, नर्सने तळव्यावर ठिकठिकाणी दोरा टेकवायचा आणि विचारायचं, लागतंय का? जिथे कळत नाही, तिथे पाय मुका झालाय असं समजायचं.

“लागतंय?”

“हो.”

“आता?”

“हो, अल्हम्दुलिल्लाह.”

खौला एकेक खूण करत होती, आणि चेहरा खुलत होता तिचा. मी भिंतीशी असीलाला मांडीवर घेऊन बसले होते. मला काहीतरी खटकलं. खौलाचं स्टूल जुनं होतं, ती पुढे वाकली की करकरायचं. आणि आत्याबाईंचं ‘हो’ दोरा टेकण्याआधी, त्या करकरीबरोबरच यायचं.

मी खौलाला खूण केली. दोरा लावूच नकोस, नुसती वाक. तिने भुवया उंचावल्या, पण ऐकलं. स्टूल करकरलं. दोरा तिच्या हातात, पायापासून वीतभर लांब.

“आता लागतंय?”

“हो,” आत्याबाई प्रसन्नपणे म्हणाल्या. “हलका हात आहे हो तुझा.”

खौलाने वळून माझ्याकडे पाहिलं. असीला तेवढी तोंडात चावी घालून चघळत होती.

“आत्याबाई,” मी म्हणाले, “तिने हात लावलाच नव्हता.”

त्यांनी डोळे उघडले. “मग विचारलं कशाला?”

“म्हणून तुम्ही हो म्हणालात?”

“मग काय करू? पोरगी मघापासून माझ्या पायाशी बसलीय. परक्याची लेक. तिला तोंडावर नाही, नाही म्हणत सुटू? शोभतं का ते?”

खौला दोऱ्याकडे बघत राहिली. मग अगदी हळू म्हणाली, “आतापर्यंत किती जणींनी मला असं ‘हो’ म्हटलं असेल?” आणि उठून डॉ. रय्यांना बोलावायला गेली.

डॉक्टरांनी पुन्हा सगळं तपासलं, या वेळी कधी दोरा लावून, कधी न लावता. दोन्ही पाय घोट्यापर्यंत मुके होते. त्यांनी दिवा जवळ घेतला, तळवे वरखाली केले.

“वरवर जखम दिसत नाही,” त्या म्हणाल्या. “सूजही नाही. पण या रंगातून कातडीचा खरा रंग मला कळत नाहीये. मेंदी उतरली की घेऊन या, तीनेक आठवड्यांत.”

“नाही डॉक्टर,” मी म्हणाले. “आजच बघा.”

माझा आवाज ऐकून मलाच आश्चर्य वाटलं. एरवी मी डॉक्टरांपुढे बोलताना तीनदा ओढणी सावरते. पण करपल्याचा वास आणि भोक नसलेले कपडे एकदम एकमेकांशेजारी येऊन बसले होते डोक्यात. मी त्यांना धुपाटण्याचं सांगितलं. सांगता सांगता असीलाला खौलाच्या हातात दिलं आणि आत्याबाईंच्या पायाशी खाली बसले.

रंग दिसत नसेल तर नसू दे. असीलाचा ताप मी कधी रंगावरून ओळखत नाही. मी दोन्ही हातांच्या पाठी दोन्ही तळव्यांवर ठेवल्या. टाचा सारख्याच, गार. मधला भाग सारखाच. मग बोटांच्या मुळाशी आले. डावा गार. उजवा, अंगठ्याच्या खाली, गरम. असीलाला दात येताना कपाळ लागतं, तसा.

“इथे,” मी म्हणाले. “एवढ्याच जागी.”

“पाय धरतेय माझे,” आत्याबाई खौलाला म्हणाल्या. “लग्न होऊन आली तेव्हा नाही धरले.”

डॉ. रय्यांनी माझ्या हातावरून हात नेला, थांबल्या, मग कातडीचं तापमान मोजायचं यंत्र मागवलं. यंत्रानेही तेच सांगितलं. त्यांनी तिथे अंगठा दाबला, तर वरची जाड कातडी दुधावरच्या सायीसारखी हलली. हातमोजे घालून त्यांनी ती कडेने उचलली. खाली पिवळं पाणी होतं, आणि त्याखाली लालभडक गोल, निखाऱ्याएवढा.

“भाजलंय,” त्या म्हणाल्या. “आत पू धरायला लागलाय.”

आत्याबाईंनी मान वाकडी करून स्वतःचा तळवा पाहिला. मग म्हणाल्या, “निखाऱ्यावर उभी होते मी?”

“हो.”

“आणि त्याच पायाने नाचले?”

“तुम्ही नाचलात?” डॉक्टरांनी विचारलं.

“नवरीची आजी आहे मी!” त्या म्हणाल्या, पण आवाजातला ठसका गेला होता. त्यांनी माझं मनगट धरलं. डॉक्टर समोर उभ्या असताना विचारलं मला. “शम्सा, तुझ्या आजोबांसारखं नाही ना होणार? पाय राहील ना?”

हा प्रश्न मी इतकी वर्षं सगळ्यांच्या पावलांना मनातल्या मनात विचारत आले होते. गरम जागा केवढी होती, ते माझ्या हाताला आठवत होतं. घोटा गार होता, बोटं गार होती.

“राहील,” मी म्हणाले. “आपण लवकर आलोय.”

डॉ. रय्यांनी एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. “सुनेचं ऐका,” त्या म्हणाल्या. “तीन आठवडे थांबला असता, तर मी असं बोलू शकले नसते.”

पुढचे दिवस सोपे नव्हते, कारण आत्याबाईंना बसवून ठेवणं सोपं नाही. पंज्यावर भार न येणारा एक बोजड बूट मिळाला होता, त्याला त्या गाढवाचा खूर म्हणायच्या. मी सकाळी पट्टी बदलायचे आणि दोन्ही पायांना हाताची पाठ लावायचे, आधी असीलाचं कपाळ, मग आजीचे पाय. नमाजाआधी पाय धुवायचा प्रश्न मी भीत भीत काढला, तर त्या म्हणाल्या, “पट्टीवरून ओला हात फिरवला की झालं. धर्म तरी मला नको शिकवूस.” सुहैलने काळजीच्या पगाराचा विषय पुन्हा काढला नाही. एका सकाळी दोन्ही तळवे सारखेच गार लागले. मेंदी फिकटली, तशी त्या जागी नवी गुलाबी कातडी दिसायला लागली. जखम भरली. दहाही बोटं जागेवर आहेत.

संशोधनात आत्याबाईंची नोंद आता खरी झाली आहे. आणि डॉ. रय्यांनी चाचणीची पद्धतच बदलली. आता मधूनच दोरा न लावता विचारतात, दोन्ही पायांची ऊब ताडून बघतात, आणि आधी तपासलेल्या सगळ्यांना पुन्हा बोलावलंय. खौला फोनवर मेंदीचं बोलत नाही. म्हणते, “मेंदी असो नसो, पाय घेऊन या म्हणजे झालं.” ती नवं स्टूलही घेऊन आलीय, न करकरणारं.

परवा आमच्याकडे बायका कहव्याला जमल्या होत्या. धुपाटणं आता उंच चौरंगावर असतं, आणि आत्याबाई खुर्चीत बसून नुसत्या बाह्या धुरावर धरतात. हलव्याची थाळी फिरून झाली तशी त्या शेजारच्या जमजमला म्हणाल्या, “चपला काढ.”

“माझे पाय अल्हम्दुलिल्लाह ठीक आहेत गं, सुहैलच्या आई.”

“तुला विचारलंय कोणी? पाय इकडे दे.”

जमजम लाजली, हसली, पाय लांब केले. आत्याबाईंनी हाताच्या पाठी टेकवल्या, डोळे मिटून, अगदी माझ्यासारख्या. मग पुढचीला हाक मारली.

तुमच्याही घरात असेल कोणीतरी. आई, सासू, काका, वाड्याच्या बागेत अनवाणी फिरणारे आजोबा. साखर जुनी, आणि विचारलं की सगळं छान. त्यांना विचारत बसू नका. ते तुमचं मन मोडणार नाहीत. आज त्यांच्या पायाशी बसा, हाताची पाठ एका तळव्याला लावा, मग दुसऱ्याला. एक गरम लागला, तर उद्यावर टाकू नका.