मावशीचा नवा खुबा

"सोड रे, चढते मी," म्हणत मावशीने डॉक्टर भाच्याच्या हातातून कोपर सोडवून घेतलं आणि कठड्याला न धरता ती रंगमंचामागच्या पायऱ्या चढून गेली. त्याने तिला बाजूच्या पडद्याआड खुर्चीवर बसवलं, वाकून तिच्या शालीला छोटा माइक लावला.

"मी बोलावलं की यायचं, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. बस."

"आणि तुला बाळ्या म्हणायचं नाही."

"ते तर मुळीच नाही," तो हसला.

आई गेल्यावर याच मावशीने त्याला लहानाचं मोठं केलं होतं. पुढे तिचा खुबा पार झिजला, पलंगावरून उठणंही जिवावर येऊ लागलं, तेव्हा त्यानेच शस्त्रक्रिया करून तिला नवा खुबा बसवला. आज त्याच शस्त्रक्रियेची हकिगत ऐकायला सभागृह भरलं होतं.

तो छान बोलला. केसाच्या जाडीचे हजार भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढे खळगे या धातूवर उमटवलेले आहेत, हे त्याने सांगितलं. हाडाच्या पेशींना गुळगुळीत धातू परका वाटतो. या खळग्यांत मात्र त्या पाय रोवतात, आणि हाड धातूला आपलं म्हणून धरून ठेवतं. क्ष-किरणांच्या चित्रात हाड आणि खुबा यांच्यात फट शोधूनही सापडत नव्हती. पुढच्या रांगेतले वयस्कर डॉक्टर माना डोलावत होते.

"आता शस्त्रक्रियेआधीची अवस्था बघा," तो म्हणाला.

मागच्या मोठ्या पडद्यावरच्या चित्रफितीत मावशी दिसली. पलंग आणि भिंत यांच्यामध्ये ती जमिनीवर बसली होती. पलंगाची कड धरून उठू बघत होती, अर्धवट उठून पुन्हा खाली बसत होती. गाउन गुडघ्यांवर सरकलेला, केस सुटलेले, तोंड वेडंवाकडं होत होतं. तिसऱ्यांदा ती धपकन खाली बसली तेव्हा मागून कुणीतरी खुदकन हसलं.

भाषणाची तयारी करताना त्याने ही चित्रफीत कितीतरी वेळा पाहिली होती. त्यात त्याला फक्त खुब्याचा सांधा दिसत असे. आज पहिल्यांदाच त्याला तो गाउन दिसला. मावशीला विचारायचं राहून गेलं असं म्हणायचीही सोय नव्हती. विचारावं असं त्याला सुचलंच नव्हतं. त्याने बाजूला पाहिलं. खुर्चीतून पुढे वाकून मावशी पडद्याकडे बघत होती. तिचा हात आपोआप गुडघ्याशी गेला आणि तिने कपडा खाली ओढला.

चित्रफीत संपली. त्याने तिला हाक मारली.

ती आली. ताठ, एका लयीत, पलीकडच्या टोकापर्यंत गेली आणि वळून परतली. टाळ्यांचा कडकडाट झाला. ठरल्याप्रमाणे त्याने विचारलं,

"पाय दुखतो का आता?"

"नाही," ती म्हणाली. "पाय अजिबात दुखत नाही."

परतताना गाडीत ती खिडकीबाहेर बघत होती.

"मावशी, तिथे सगळे डॉक्टरच होते. त्यांना रोजची सवय असते."

"हो ना."

थोड्या वेळाने तिने विचारलं, "त्यात आवाज नव्हता रे. का?"

"काढून टाकला होता. खुबा समजायला आवाज लागत नाही."

"तुला हाका मारत होते मी," ती म्हणाली. "समोरच मोबाइल घेऊन उभा होतास. मला वाटलं, दवाखान्याचं काही महत्त्वाचं आलं असेल. म्हणून थोडी थांबले आणि मग परत हाक मारली."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. इतके दिवस न जुळलेला हिशेब आता जुळावा तसं ती बोलत होती. मागच्या गाडीने भोंगा वाजवला तेव्हा कुठे त्याला समोरचा दिवा हिरवा झालेला कळला.

घरासमोर गाडी थांबवून तो घाईघाईने वळसा घालून पलीकडे गेला. तोवर दार उघडून ती उतरलीही होती. त्याने पुढे केलेला हात तसाच राहिला.

"पाय मात्र फार छान केलास हो," ती मनापासून म्हणाली, "डॉक्टर."

आणि त्याच्यासाठी न थांबता फाटकातून आत गेली.